जर्दाळूच्या बिया

सभा शाळेच्या जेवणघरात,
कारण पंचायतीचं छप्पर उघडलेलं.
मी येरेवानहून आलेली, बगलेत नकाशाची गुंडाळी
आणि लाल टिकल्यांचं एक पाकीट:
जीव कुठे मुठीत धरावा लागतो
तिथे गावानं टिकली चिकटवायची.
पाकीट टॅक्सीतच राहिलं.

टेबलावर जर्दाळूंची परात होती.
हायकानुश म्हणाली, "आधी खा. मग बिया ठेवू."

खाल्ले. रस कोपरापर्यंत ओघळला.
एकेक जण नकाशावर वाकला,
चष्मा चाचपला, शेजाऱ्याचा लावला,
आधी आपलं घर शोधलं
(सगळे आधी आपलं घरच शोधतात)
आणि मग बोट हळूहळू सरकवत
हमरस्त्यावर आणलं.

माझ्याकडे पोलिसांची यादी होती.
तीन वर्षं, अकरा अपघात, सगळे वळणावर.
वळणावर एकही बी पडली नाही.
पडल्या त्या लवाशच्या भट्टीसमोर, तुतीखाली,
जिथे माझ्या कागदावर
नुसती सरळ निळी रेघ.

"इथे काय आहे?"
"इथे बस थांबते."
"थांबा तर दोनशे मीटर पुढे आहे."
"ते बसला कुठे माहीत," गुर्गेन म्हणाला,
आणि सगळं जेवणघर हसलं.

हसू ओसरल्यावर सातेनिक बोलली.
हरितगृहातल्या बायका साडेसहाला उतरतात,
गाव पलीकडे,
आणि इराणकडचे ट्रक तेव्हाच उतारावर.
"मग इथे अपघात कसे नाहीत?"
"आम्ही होऊ देत नाही ना.
एक जण मधोमध उभी राहते,
डोक्याचा रुमाल सोडून हलवते.
सोमवारी मी. मंगळवारी नुनुफार.
बुधवारी जिला कंबर साथ देईल ती."

मी यादी उलटी करून ठेवली.

गुर्गेनने आपली बी ठेवली, उचलली,
बोटभर बाजूला पुन्हा ठेवली.
"तिथे नाही. जरा अलीकडे."
कुणी काही विचारलं नाही.
परातीत हात घातलेल्या पोरानेही तो तसाच ठेवला.
माझी यादी तीनच वर्षांची होती.

मग मी पूल दाखवला, पादचाऱ्यांसाठी,
बेचाळीस पायऱ्या, वर पत्र्याचं छत.
हायकानुशने खुर्ची मागे सारली,
गुडघ्यावर थाप मारली:
"पोरी, हा इथे बसलाय. ह्यालाच विचार."

खिडकीत डोंगर होता, सरहद्दीपलीकडचा,
इतका जवळ की हिमावरची सावलीही दिसावी.
"त्याच्याकडे वाट नाही, ते आम्ही सोसलं," ती म्हणाली.
"पण भट्टीकडेसुद्धा?"

निघताना तोच पोरगा, आर्तुश, आला,
बी नकाशाबाहेर ठेवली, टेबलाच्या लाकडावर.
"तुमचा कागद इथे संपतो.
रस्ता नाही संपत.
आम्ही पोहायला तिकडेच जातो."
मी त्या लाकडाचा फोटो काढला.
दुसरं काय करणार?

साहेब म्हणाले, हे डाग कसले? स्वच्छ प्रत द्या.
दिली.
तिच्यात थांबा भट्टीसमोर आणला, पूल खोडला,
रस्त्याच्या मधोमध एक बेट आखलं,
दोन माणसं आणि एक पिशवी मावेल एवढं,
आणि उतारावर वेग मोडणारे तीन उंचवटे.
गावाला दाखवायला पुन्हा गेले,
तर म्हणाले, तीन पिशव्यांचं करा.
केलं.
सही व्हायची आहे. सही होते आहे म्हणतात.
सोमवारी सातेनिक अजून उभी राहते.

जुना नकाशा माझ्या खणात.
रस वाळून कागद तिथे कडक झालाय.
आज खण उघडला
तर मुंग्यांची रांग,
निळी रेघ ओलांडत होती
बरोबर भट्टीसमोर.